हॉटेलच्या बिलावरून शेकडेवारी : टक्के कशाचे, हे आधी

देवगड तालुक्यात सातवी-आठवीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. पुस्तकातली शेकडेवारीची उदाहरणं मुलं बरोबर सोडवतात, पण हॉटेलचं बिल पुढे ठेवलं की गोंधळतात. बिलांवरून सराव घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? गावात बहुतेक खानावळीच आहेत. त्यांचं बिल म्हणजे वहीचा चिटोरा, त्यावर कराची ओळ नसते. आणि पर्यटकांच्या हॉटेलात वर्गातली निम्मी मुलं कधी गेलेलीच नाहीत.

बिलं जरूर वापरा. सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये मी हा सराव बरीच वर्षं घेत आलो आहे. शेकडेवारीला इतकं सोयीचं आणि फुकट मिळणारं साहित्य दुसरं मला सापडलेलं नाही. मात्र मुलं नेमकी कुठे अडतात ते आधी ओळखायला हवं. गुणाकार-भागाकारात ती अडत नाहीत. ‘११५५ चे ५ टक्के काढा’ म्हटलं तर काढतात. पुस्तकातलं उदाहरण टक्के कशाचे ते सांगूनच सुरू होतं. बिल ते सांगत नाही. बिलावर नुसतं ‘२.५%’ छापलेलं असतं. ते वरच्या कोणत्या रकमेवर लावलं, हे वाचणाऱ्याने शोधायचं. म्हणून सगळा सराव याच एका प्रश्नाभोवती बांधा. वर्गात कोणीही, अगदी तुम्हीसुद्धा, ‘टक्के’ म्हटलं की मुलांकडून लगेच ‘कशाचे?’ असा प्रश्न यायला हवा. ही सवय लागली की पुढचं काम सोपं होतं.

बिलं गोळा करण्याबद्दल आधी थोडं. मुलांना हॉटेलात न्यायची गरज नाही, घरून बिल आणायची सक्तीही नको. ज्याच्या घरी बिल नाही त्याला उगाच कमीपणा वाटतो. तुम्ही स्वतः जमवा, सहकाऱ्यांना सांगा, मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या नातेवाइकांना सांगा. मशीनवरची बिलं थर्मल कागदाची असतात. आपल्या दमट हवेत ती काही महिन्यांत कोरी पडतात, म्हणून हातात आल्या दिवशीच फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवा. टिकावं म्हणून मूळ बिल लॅमिनेट करायला देऊ नका, गरम रोलरखाली अख्खा कागद काळा होतो. झेरॉक्सवरचं गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर, यूपीआयचा तपशील पेनने खोडून मगच प्रती काढा.

आता एक बिल बारकाईने बघू. दोन सुरमई थाळ्या ३८० प्रमाणे ७६०, एक बांगडा फ्राय १८०, तीन सोलकढी ४५ प्रमाणे १३५, चार तांदळाच्या भाकऱ्या २० प्रमाणे ८०. बेरीज ११५५. खाली सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) २.५% २८.८८, एसजीएसटी (राज्याचा) २.५% २८.८८, राउंड ऑफ ०.२४, एकूण १२१३.

प्रती वाटताना कराच्या आणि त्याखालच्या ओळी कागदाने झाका. पहिल्या फेरीत आकडेमोडच नको, अंदाज हवा. हॉटेलवाला साधारण किती मागेल? मुलं ११६० पासून १५०० पर्यंत काहीही सांगतात. मग दहा टक्क्यांपासून उतरायला लावा. ११५५ चे १० टक्के ११५ रुपये ५० पैसे. त्याचे निम्मे, ५ टक्के, ५७.७५. त्याचेही निम्मे, अडीच टक्के, २८.८७ आणि वर अर्धा पैसा. या तीन पायऱ्या तोंडी आल्याशिवाय वहीत सूत्र लिहू देऊ नका. पुस्तकी पद्धतीत मुलगा ११५५ ला ५ ने गुणून १०० ने भागतो, दशांशचिन्ह एक घर सरकतं आणि ५७७.५० रुपये कर काढूनही त्याला काही खटकत नाही. दहा टक्क्यांवरून उतरणाऱ्याला ते लगेच खटकतं, कारण दहा टक्केच मुळी एकशे पंधरा आहेत.

मग झाकलेला भाग उघडा आणि गप्प राहा. वर्गातलं कोणीतरी बोलतंच : “सर, माझा उत्तर सत्तावन पंच्याहत्तर इला, बिलात शहात्तर कित्याक?” हा प्रश्न आला की घाई करू नका, तास त्याच्यावर गेला तरी चालेल. बिलात कर दोन तुकड्यांत लावला आहे, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. प्रत्येक तुकडा २८.८७५ येतो. पैशाचा अर्धा भाग छापता येत नाही म्हणून तो २८.८८ झाला. असे दोन तुकडे मिळून ५७.७६. एक पैसा आला कुठून, ते मुलांनी स्वतः शोधून काढलं की बिल या वस्तूवर त्यांची पकड बसते. राउंड ऑफची ओळही त्यातच उलगडते : १२१२.७६ ला जवळचा पूर्ण रुपया १२१३, म्हणून २४ पैसे वर. बेरीज १२१२.३० आली असती तर तीस पैसे खाली. आपण वर्गात ‘जवळच्या पूर्णांकात लिहा’ म्हणून शिकवतो तीच गोष्ट इथे रोज चालते.

बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. आपल्या भागात सावंतवाडी-बांद्याकडून गोव्याची बिलंही सहज मिळतात. दोन्ही समोर ठेवून फरक ओळखायला लावा. गणिताशी याचा थेट संबंध नाही, पण बिल वरपासून खालपर्यंत वाचायची सवय लागते.

आता खानावळीच्या चिटोऱ्याबद्दल. त्यावर कर नाही म्हणून तो बाजूला टाकू नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी लागत नाही. अशा खानावळीने कर लावायचाच नसतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली उपाहारगृहं कंपोझिशन योजनेत जाऊ शकतात. ती उलाढालीवर ५ टक्के स्वतःच्या खिशातून भरतात, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाहीत आणि बिलावर तसं लिहावं लागतं. बाकीच्या सर्वसाधारण हॉटेलांत बिलावर ५ टक्के. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलांच्या उपाहारगृहात १८. सातवीतल्या मुलांना एवढं सांगितलं तरी ‘कर नाही म्हणजे चोरी’ आणि ‘कर आहे म्हणजे लूट’ हे दोन्ही गैरसमज दूर होतात. घरची खानावळ असलेल्या मुलासाठी तर हे सांगायलाच हवं.

आणि कराची वेगळी ओळ नसते तिथूनच शेकडेवारीतलं सगळ्यात अवघड उदाहरण तयार होतं. समजा एखाद्या हॉटेलच्या पाटीवर लिहिलंय, ‘कोंबडी वडे थाळी ४२०, सर्व करांसहित’, आणि कर ५ टक्के. मूळ किंमत किती? जवळजवळ सगळा वर्ग ४२० चे ५ टक्के २१ काढतो, वजा करतो, ३९९ लिहितो. चूक म्हणून खोडू नका. ‘ताळा करा’ म्हणा. ३९९ चे ५ टक्के १९.९५, बेरीज ४१८.९५. एक रुपया पाच पैसे कुठे गेले? इथे पुन्हा तोच प्रश्न : ५ टक्के कशाचे? ते ४२० चे नाहीतच, ते न दिसणाऱ्या मूळ किमतीचे आहेत. मूळ किंमत शंभर भाग धरली, तर कर पाच भाग आणि पाटीवरची किंमत १०५ भाग. ४२० भागिले १०५ म्हणजे एक भाग ४ रुपये, शंभर भाग ४००. हुशार मुलं पुढे जाऊन बघतात की १०५ पैकी ५ म्हणजे एकविसावा भाग, ४२० चा एकविसावा भाग २०. दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ प्रकरणात जीएसटी येतो तेव्हा नेमकं इथेच मुलांचे गुण जातात. सातवीत हे चार-पाच पाट्यांवर झालेलं असेल तर त्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागत नाही.

सवलतीला मी मुद्दाम जास्त वेळ देतो. ‘१० टक्के सूट, वर ५ टक्के कर, म्हणजे एकूण ५ टक्के सूट’ हे उत्तर मोठी माणसंही देतात. हजाराच्या बिलावर करून बघा : १० टक्के गेले, उरले ९००. आता कर ९०० वर, म्हणजे ४५. द्यायचे ९४५. सूट साडेपाच टक्के पडली. दहा टक्के हजाराचे होते आणि पाच टक्के नऊशेचे, म्हणून दहातून पाच सरळ वजा होत नाहीत.

यानंतर वर्गाचे दोन गट करा. एकाने सूट आधी, कर नंतर घ्यायचा. दुसऱ्याने कर आधी, सूट नंतर. आपलं ११५५ चंच बिल घ्या. पहिला गट : १०३९.५०, त्यावर ५ टक्के, १०९१.४७५. दुसरा गट : १२१२.७५, त्यातून १० टक्के वजा, तेही १०९१.४७५. मुलांचा विश्वास बसत नाही, पुन्हा करून बघतात. बघू द्या. दोन्हीकडे शेवटी ०.९० आणि १.०५ ने गुणणंच चाललंय, हे त्यांना फळ्यावर तुम्ही न लिहिता दिसलं पाहिजे. मग टक्क्यांऐवजी सरळ शंभर रुपये सूट द्या. आधी सूट : १०५५ आणि कर मिळून ११०७.७५. नंतर सूट : १२१२.७५ वजा १०० म्हणजे १११२.७५. आता पाच रुपयांचा फरक पडला, आणि तो शंभराचा बरोबर ५ टक्के. या पाच रुपयांवर चर्चा छान रंगते. जीएसटीच्या नियमानुसार बिलावरच दाखवलेली सूट आधी वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो, हे शेवटी सांगा, आधी नको.

बिलातून थोडं बाहेर पडून भावांकडेही वळा, कारण आपल्या किनाऱ्याइतके चढ-उतार करणारे दर क्वचितच कुठे मिळतील. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि शाळा त्याच सुमारास सुरू होतात. उन्हाळ्यात ३२० ला असलेली सुरमई थाळी पावसात ४०० झाली असं धरा. वाढ किती टक्के? ३२० वर ८०, म्हणजे २५. पुढे होड्या पाण्यात गेल्या, मासळी उतरली, थाळी पुन्हा ३२० ला आली. घट किती? सगळे एका आवाजात २५ म्हणतात. ४०० वर ८०, म्हणजे २०. रुपये तेच ८०, टक्के वेगळे. मासळी बाजारात उठबस असलेल्या घरची मुलं यावर तावातावाने बोलतात, कारण भाव हा त्यांच्या घरात रोजचा विषय आहे. श्रावणात गिऱ्हाईक कमी, नारळी पौर्णिमेनंतर आवक वाढते, गणपतीत चाकरमानी आले की पुन्हा ओढ, हे सगळं तीच सांगतील. तुम्ही फक्त प्रत्येक वाक्याला ‘कशाच्या तुलनेत?’ विचारत राहा. मेनूकार्डावर पापलेटसमोर किंमत न लिहिता ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेलं असतं, त्याचं कारणही मुलांना आपोआप समजतं.

टिपेबद्दल एक सूचना. इंग्रजी साहित्यातल्या धड्यांत बिलाच्या १५ किंवा २० टक्के टिप काढायला सांगतात. अमेरिकेत तशी रीत आहे. आपल्याकडे सहसा कोणी टक्के काढून टिप ठेवत नाही, परत आलेल्या सुट्ट्यातले काही बशीत ठेवतो. म्हणून उदाहरण उलटं करा. बिल ४६०, पाचशेची नोट दिली, ४० परत आले, त्यातले २० ठेवले. ही टिप किती टक्के? एक टक्का ४.६०, चार टक्के १८.४०, म्हणजे चारपेक्षा थोडी जास्त. ‘अमुक रक्कम तमुक रकमेचे किती टक्के’ हा प्रकार मुलांना जड जातो. इथे तो रोजच्या वागण्यातून येतो, म्हणून पटकन बसतो.

सेवा शुल्क (सर्व्हिस चार्ज) आपल्या खानावळींत दिसत नाही, पण मुंबई-पुण्याच्या जुन्या बिलांवर सापडेल. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते बिलात आपोआप जोडायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते निर्देश कायम ठेवले. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. गणितापुरतं असं जुनं बिल उपयोगी पडतं : हजारावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग ११०० वर ५ टक्के कर, एकूण ११५५. मुलं ११५० म्हणतात. जास्तीचे पाच रुपये शुल्कावरच्या कराचे आहेत, हे त्यांच्याकडून काढून घ्या.

आठवीतल्या तयार मुलांसाठी जुने दरही कामाला येतात. जुलै २०१७ च्या आधी वातानुकूलित हॉटेलात सेवाकर उपकरांसह १५ टक्के होता, पण तो बिलाच्या ४० टक्के भागावरच लागायचा. मग पूर्ण बिलाच्या किती टक्के? ४० चे १५ टक्के, म्हणजे ६. टक्क्यांचे टक्के शिकवायला मला याहून चांगलं खरं उदाहरण मिळालेलं नाही. जीएसटी आला तेव्हा अशा हॉटेलांना १८ टक्के होता, १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ झाला. मेनूतले दर तेच राहिले असं धरलं तर बिल किती टक्क्यांनी उतरलं? १३ म्हणणाऱ्या मुलाला ११८ आणि १०५ लिहायला सांगा. ११८ वर १३ कमी झाले, म्हणजे जेमतेम ११ टक्के.

तुमच्या प्रश्नातली शेवटची अडचण, हॉटेलात न गेलेली मुलं. मला हीच बाब सगळ्यात नाजूक वाटते. वर्गात एखाद्याची आई त्याच हॉटेलात भांडी घासत असते, दुसऱ्याचे वडील मालक असतात. म्हणून पहिल्या एक-दोन बिलांनंतर मी बाहेरची बिलं बाजूला ठेवतो आणि वर्गाची स्वतःची खानावळ काढतो. मेनू मुलांनीच ठरवायचा : घावणे-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकडीचे मोदक, कोकम सरबत. दरही त्यांनीच लावायचे, आणि दर लावायचा म्हणजे आधी खर्च काढायचा. नारळ, तांदूळ, गॅस, हे भाव मुलं घरून विचारून आणतात. घरच्यांना मुलीने तांदळाचा भाव विचारला की बरं वाटतं. घरचं उत्पन्न किंवा प्रत्यक्ष धंद्याचे आकडे मात्र कोणालाही विचारू नका.

या खानावळीतून नफ्याची एक गाठही सुटते. थाळीला खर्च २४०, विक्री ३२०, नफा ८०. पुस्तकातल्या रीतीने शेकडा नफा खरेदीवर, म्हणजे ३३ पूर्णांक एक तृतीयांश. पण धंदेवाला सहसा विक्रीवर बोलतो : ‘थाळीमागे पंचवीस टक्के सुटतात.’ घरच्या धंद्यातलं हे वाक्य ऐकून आलेला मुलगा पेपरात २५ लिहितो आणि त्याला शून्य मिळतो. त्याचं उत्तर विक्री किमतीवर बरोबर आहे, हे त्याला सांगा. परीक्षेत खरेदीवर मागतात, हेही सांगा.

कॅल्क्युलेटर शेवटच्या फेरीपर्यंत लांब ठेवा. नंतर हरकत नाही, पण अंदाज वहीत लिहिल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही, एवढी अट घाला.

तपासणीसाठी नेहमीचं ‘कर काढा’ न देता बिघडवलेलं बिल द्या. उदाहरणार्थ, बेरीज ८००, सूट १० टक्के म्हणजे ८०, कर ५ टक्के म्हणजे ४०, एकूण ७६०. चूक कुठे आहे? कर ८०० वर लावलाय, तो ७२० वर हवा. ३६ रुपये कर, एकूण ७५६. गिऱ्हाइकाकडून चार रुपये जास्त घेतले, आणि ते चार म्हणजे ८० चे ५ टक्के. अशा प्रश्नाला मी पाच गुण ठेवतो. कोणते टक्के कोणत्या रकमेवर हे शब्दांत लिहिण्याला तीन आणि आकडेमोडीला दोन. पहिल्या चाचणीत मुलं तीन गुणांची ओळ सोडूनच देतात. दुसऱ्या चाचणीपासून ती लिहायला लागतात, आणि आकडेमोडीतल्या चुका त्यामुळेच कमी होतात.